चांद्याच्या गोंड राजघराण्याच्या समाध्या : कोळसानगरीतील एका कुटुंबाचा इतिहास

सारांश

चंद्रपूर हे शहर आज कोळसा, औष्णिक वीज आणि उन्हाळ्यातील तापमान यांमुळे ओळखले जाते. याच शहराच्या परकोटात, अंचलेश्वर मंदिरालगत, चांद्याच्या गोंड राजघराण्याच्या समाध्या आहेत. राजा बीरशहाची समाधी त्यांत सर्वांत भव्य असून ती राणी हिराईने उभारली, असे परंपरा सांगते. प्रस्तुत लेखात या समाध्यांमागील व्यक्तींचा परिचय करून देऊन, दंतकथा, वंशावळ, फारसी साधने आणि प्रत्यक्ष वास्तू यांच्या आधारे त्यांच्या जीवनाची पुनर्रचना कितपत शक्य आहे याचे विवेचन केले आहे. तसेच खाणउद्योगाच्या विस्तारात या स्मारकांचे व त्यांच्याशी निगडित स्मृतीचे स्थान काय, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : चंद्रपूर, गोंड राजवंश, समाधी, राणी हिराई, गोंडवाना, कोळसा खाणी, वारसा संवर्धन

१. प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासात नाणी, शिलालेख, ताम्रपट आणि दफ्तरे यांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे थडग्यांना सहसा दिले जात नाही. वस्तुतः थडगे हे एक विशेष प्रकारचे साधन होय. ताम्रपट राजाने आपल्या अधिकाराच्या प्रकटीकरणासाठी दिलेला असतो; थडगे मात्र मागे राहिलेल्यांनी गेलेल्यासाठी उभारलेले असते. त्यामुळे त्यात मृताइतकेच जिवंतांचेही चरित्र दडलेले असते. कोणी उभारले, कोणासाठी उभारले, कोणत्या शैलीत उभारले आणि पुढे कोणी सांभाळले, हे चार प्रश्न विचारले की एका कुटुंबाचा आणि त्याबरोबर एका समाजाचा इतिहास उलगडू लागतो.

नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरील चंद्रपूर, म्हणजे पूर्वीचे चांदा, हे अशा अभ्यासासाठी अत्यंत उपयुक्त ठिकाण आहे. इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या या शहराभोवती सुमारे ११ किलोमीटर लांबीचा परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा ही त्याची चार मुख्य द्वारे. तर बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या. द्वारांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले असून ते गोंड राजांचे राजचिन्ह मानले जाते. अंचलेश्वर द्वाराजवळील समाधिस्थळ हे या राजघराण्याचे कौटुंबिक विश्रांतिस्थान होय. याच शहराच्या परिसरात व भूगर्भात कोळशाच्या खाणी पसरल्या आहेत. एकाच मातीच्या वरच्या थरात एका राजकुळाचे अवशेष आणि खालच्या थरात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरण्याचे अवशेष, असे हे विलक्षण सहअस्तित्व आहे.

२. वंशपरंपरा आणि तिची साधने

चांद्याच्या गोंड राजांची सलग माहिती देणारे सर्वांत परिचित साधन म्हणजे मेजर ल्यूसी स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने इ.स. १८६९ च्या जमाबंदी अहवालात नोंदविलेली परंपरा. स्थानिक जाणकारांकडून ऐकलेल्या कथा आणि वंशावळी त्याने एकत्र केल्या. पुढील काळातील जिल्हा गॅझेटियर आणि बहुतेक मराठी लेखन याच परंपरेवर अवलंबून आहे. म्हणून ही परंपरा वाचताना ती मौखिक आहे, आणि राज्य बुडाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लेखनबद्ध झाली आहे, हे विसरता येत नाही.

परंपरेनुसार या घराण्याची आरंभीची राजधानी शिरपूर येथे होती. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या अंगावर गळवे उठली होती. राणीच्या सल्ल्यावरून त्याने शिरपूर सोडले आणि वर्धा नदीच्या काठी किल्ला बांधून वस्ती केली, तेच बल्लारपूर. एकदा शिकारीला गेला असता तहानेने व्याकूळ झालेल्या राजाला झरपटच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यात पाणी सापडले. त्या पाण्याने हातपाय धुतल्यावर त्याची व्याधी नाहीशी झाली. तेथे अंचलेश्वराचे स्थान प्रकट झाले व मंदिर उभे राहिले. पुढे एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केल्याचा चमत्कार पाहून, तो ससा ज्या मार्गाने धावला त्या मार्गावर तटबंदी आखावी असे राणीने सुचविले. तेल ठाकूर नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांकडे हे काम सोपविण्यात आले. पायाभरणी खांडक्याच्या काळात झाली, तरी तट पूर्ण होण्यास अनेक पिढ्या लागल्या व धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत तो पुरा झाला, असे मानले जाते.

सशाची कथा इतरही नगरांच्या स्थापनेविषयी सांगितली जाते. तेव्हा तिच्यातून घटना शोधण्यापेक्षा आशय शोधणे अधिक योग्य ठरते. या कथेत दोन्ही वेळा निर्णायक सल्ला राणीचा आहे. चांद्याच्या परंपरेत राजस्त्रीला असलेले स्थान येथेच प्रथम दिसते, आणि तेच पुढे हिराईच्या रूपाने ठळक होते.

खांडक्यानंतरच्या हीरशहाचे स्मरण लोकपरंपरेने वेगळ्या कारणासाठी जपले आहे. जंगल तोडून शेती करणाऱ्यास जमीन, तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असे धोरण त्याने अवलंबिल्याचे सांगतात. तलावाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या अशा जमिनीस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरातील एक वस्ती आजही तुकूम याच नावाने ओळखली जाते. राज्यकारभारातील एक संज्ञा पाच शतकांच्या उलथापालथीत टिकून राहावी आणि तिचा अर्थ मात्र बहुतेक रहिवाशांना ठाऊक नसावा, ही गोष्ट स्थानिक इतिहासाच्या अवस्थेवर पुरेसा प्रकाश टाकते.

३. कालनिश्चितीचा प्रश्न

समाधीत कोण विसावले आहे हे सांगणे जितके सोपे, तितके तो केव्हा होऊन गेला हे सांगणे कठीण आहे. परंपरागत वंशावळींतील वर्षे परस्परांशी नेहमी जुळत नाहीत, आणि काही राजांना फार दीर्घ कारकीर्द दिलेली आढळते. उदाहरणार्थ, रामशहाचा काळ इ.स. १६७२ ते १७३५ म्हणजे ६३ वर्षांचा दिला जातो. दत्तक आला तेव्हा तो बालवयाचा असल्यास हे अशक्य नाही. तथापि अशा नोंदी स्वतंत्र साधनांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

असे ताडून पाहण्यासाठी तीन बिंदू उपलब्ध आहेत. पहिला बिंदू ‘आईन-इ-अकबरी’चा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या या ग्रंथात वऱ्हाडलगतच्या एका गोंड जमीनदाराचा उल्लेख असून त्याच्याजवळ १,००० घोडदळ व ४०,००० पायदळ असल्याचे म्हटले आहे. हा जमीनदार म्हणजेच बाबाजी बल्लाळशहा, असे अभ्यासक मानतात. हिऱ्यांची खाण असलेले वैरागड त्याने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका सत्ताधीशाकडून घेतले होते, अशीही नोंद तेथे आहे. म्हणजे खाण हा विषय चांद्याच्या इतिहासात कोळशाबरोबर आला नाही. त्याआधी तीन शतके येथील राजाची ओळख हिऱ्याच्या खाणीशी जोडलेली होती.

दुसरा बिंदू इ.स. १६६७ चा. त्या वर्षी औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला आणि त्याने मोठी खंडणी वसूल केली. परंपरागत वंशावळीप्रमाणे त्या वेळी बीरशहा गादीवर असावयास हवा. परंतु फारसी साधनांत चांद्याच्या जमीनदाराचे नाव मांजी मल्लार असे येते. बीरशहाचेच हे दुसरे नाव होते, की वंशावळीतील कालक्रम चुकला आहे, याचा निर्णय केवळ उपलब्ध कथांवरून करता येत नाही. तिसरा बिंदू इ.स. १७५१ चा. त्या वर्षी नागपूरकर रघूजी भोसले (पहिले) यांनी चांद्याचे राज्य आपल्या ताब्यात घेतले. या तीन बिंदूंच्या दरम्यान समाधिस्थळातील व्यक्तींचे जीवन मांडावे लागते. साधनांतील ही विसंगती लपविण्यापेक्षा ती विद्यार्थ्यांसमोर ठेवणे हेच इतिहासाचे खरे अध्यापन होय.

४. बीरशहा आणि हिराई

समाधिस्थळातील मुख्य वास्तू बीरशहाची. त्याच्या जीवनाची कथा दोन विवाहांभोवती गुंफलेली आहे. बीरशहाची कन्या देवगडच्या गोंड घराण्यातील दुर्गपाल या राजपुत्रास दिली होती. सासरी तिचा अपमान झाल्याचे कळताच बीरशहाने देवगडवर स्वारी केली. दुर्गपालाचे मस्तक महाकालीस अर्पण करण्याची प्रतिज्ञा त्याने केली होती आणि ती पूर्ण केली, असे परंपरा सांगते. विजयाच्या स्मरणार्थ पुढे हिराईने महाकालीचे मंदिर बांधले, आणि देवगडच्या दिशेला तोंड करून असलेले एक मस्तकशिल्प हे त्या सूडाचे चिन्ह होय, अशी समजूत आहे.

दुसरा विवाह स्वतः राजाचा. बीरशहाने पुन्हा विवाह करण्याचे ठरविले. त्या समारंभातच हिरामण नावाच्या राजपूत सेवकाने त्याची हत्या केली. हिरामणाजवळ एक दैवी तलवार होती आणि ती पाहण्याचा राजाचा आग्रह त्याच्या जिवावर बेतला, अशी कथेची मांडणी आहे. हत्येमागे वैयक्तिक वैर होते की दरबारातील एखादा कट, हे परंपरा सांगत नाही. ज्या राजाने लेकीच्या मानासाठी युद्ध केले, त्याचा अंत आपल्याच लग्नाच्या मांडवात व्हावा, या विरोधाभासामुळेच ही कथा लोकांच्या स्मरणात राहिली असावी.

यापुढील इतिहास हिराईचा आहे. पती अकस्मात गेलेला, गादीला औरस पुत्र नाही, उत्तरेस देवगडचे वैर आणि दिल्लीच्या खंडणीचे ओझे, अशा स्थितीत तिने चंदनखेडा येथील नातलग शाखेतील रामशहा यास दत्तक घेतले आणि तो सज्ञान होईपर्यंत राज्यकारभार स्वतः पाहिला. याच काळात तिने पतीची समाधी उभारली. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या राजाचा मृत्यू दुसऱ्या विवाहाच्या प्रसंगी झाला, त्याची समाधी पहिल्या राणीने, तीही घराण्यातील सर्व समाध्यांहून भव्य, उभारली. यामागे पतिनिष्ठा होती असे लोककथा म्हणते. त्याचबरोबर राजकीय दृष्टीनेही या कृतीचा अर्थ लावता येतो. दत्तक राजाच्या अधिकाराला आधार हवा असतो. गेलेल्या राजाचे स्मारक जितके मोठे, तितकी त्याच्या वारसाची गादी स्थिर. शोक आणि राजकारण यांची येथे फारकत करता येत नाही, करण्याचे कारणही नाही.

मध्य भारतातील गोंड राज्यांत अशा राज्यकर्त्या स्त्रियांची परंपरा आढळते. गढामंडल्याच्या राणी दुर्गावतीने इ.स. १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना प्राणार्पण केले. नागपूरच्या गोंड राज्यात चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर राणी रतनकुंवर हिने वारसाहक्काच्या कलहात रघूजी भोसल्यांचे साहाय्य मागितले आणि त्यातून भोसल्यांचा नागपुरात प्रवेश झाला. दुर्गावती रणांगणामुळे, रतनकुंवर राज्यांतरामुळे इतिहासात आली. हिराईची ओळख मात्र बांधकामांची आहे. मंदिर, समाधी आणि सांभाळलेली गादी हेच तिचे चरित्र. तिची स्वतःची समाधीही याच कुळाच्या समाध्यांत आहे.

५. समाधीची शैली आणि मृत्यूविषयक कल्पना

या वास्तूंना काय म्हणावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मराठीत मुसलमानी दफनस्थानास कबर किंवा मकबरा, संतांच्या वा संन्याशांच्या दफनस्थानास समाधी, मराठा राजपुरुषांच्या दहनस्थानावरील स्मारकास छत्री, आणि सर्वसामान्य अर्थाने थडगे, अशा वेगवेगळ्या संज्ञा आहेत. चांद्याच्या वास्तू यांपैकी कोणत्याही एका चौकटीत नेमक्या बसत नाहीत. त्यांच्या कमानी व घुमट पाहता दख्खनी इस्लामी वास्तुपरंपरेची आठवण होते. त्यांचे स्थान शिवमंदिराशेजारी आहे. आणि त्यांचे मूळ कारण गोंडांच्या दफनविधीत आहे.

गोंड समाजात दफन हीच जुनी रूढी असून दहनाची प्रथा हिंदू संपर्कातून नंतर आली, असे रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींच्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. मृताचे डोके दक्षिणेस व पाय उत्तरेस ठेवण्याचा प्रघातही त्यांनी सांगितला आहे. तेलंगणातील आदिलाबाद भागातील राजगोंडांचा अभ्यास फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी विसाव्या शतकाच्या चाळिशीत केला. हा प्रदेश एकेकाळी चांद्याच्या सत्तेच्या प्रभावाखाली होता. मृत व्यक्ती विधिपूर्वक आपल्या कुळाच्या ‘पेन’मध्ये म्हणजे कुलदैवतात सामील होते, ही तेथील श्रद्धा आहे. या दृष्टीने पाहिल्यास राजघराण्याची समाधिस्थळे एकत्र असणे ही केवळ सोय ठरत नाही. मृत व्यक्ती एकटी उरत नाही, ती कुळात परत जाते, या कल्पनेशी ते सुसंगत आहे.

गोंड, शैव आणि इस्लामी या तीन परंपरांचा हा संयोग सतराव्या शतकातील मध्य भारताच्या संस्कृतीचे यथार्थ दर्शन घडवितो. घुमट दिसला की मुसलमानी आणि शेजारी शिवलिंग दिसले की हिंदू, अशी ढोबळ वर्गवारी करणाऱ्यांना या वास्तू गोंधळात टाकतात. त्यांना गोंड वास्तू म्हणून स्वतंत्रपणे पाहण्याची सवय अद्याप आपल्या पाठ्यपुस्तकांना लागलेली नाही.

६. राज्यानंतरचे घराणे

रामशहानंतर नीलकंठशहा गादीवर आला. परंपरेत त्याचे वर्णन जुलमी राजा म्हणून येते. पराभूतांचा इतिहास विजेत्यांच्या काळात सांगितला जातो तेव्हा शेवटचा राजा बहुधा दुष्टच ठरतो, हे ध्यानात ठेवून या वर्णनाकडे पाहणे इष्ट. इ.स. १७५१ मध्ये राज्य भोसल्यांकडे गेले आणि नीलकंठशहास बल्लारपूरच्या किल्ल्यात बंदिवासात ठेवण्यात आले. पूर्वजांनी ज्या किल्ल्यापासून वैभवाला आरंभ केला, तेथेच घराण्याची सत्ता संपली.

इ.स. १८१८ च्या मे महिन्यात ब्रिटिश फौजांनी चांद्याचा किल्ला जिंकला. इ.स. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदाही ब्रिटिश अमलाखाली आला. त्यानंतर चारच वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अशा रीतीने गोंडांच्या राजधानीत त्यांचा राजा बंदी, त्यांचा वीर वधस्तंभावर आणि त्यांच्या समाध्या सरकारी नोंदीतील ‘प्राचीन अवशेष’ अशी स्थिती शतकभरात निर्माण झाली.

७. कोळसा आणि ‘गोंडवाना’ हे नाव

राज्य गेल्यानंतर या भूमीचे मोल नव्या अर्थाने वाढले. वरोरा येथे इ.स. १८७१ पासून सरकारी कोळसा खाण सुरू झाली व ती इ.स. १९०६ मध्ये बंद पडली. तत्पूर्वीच, इ.स. १९०३ च्या सुमारास, बल्लारपूरची खाण सुरू झाली होती. पुढे खुद्द चांदा शहराच्या लगत खाणी उघडल्या गेल्या. महाकाली कॉलरी, रयतवारी, हिंदुस्थान लालपेठ ही नावे त्यांतूनच रूढ झाली. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि इ.स. १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी अस्तित्वात आली.

हिराईने बांधलेल्या मंदिरातील देवतेचे नाव एका कोळसा खाणीस लाभावे, हा केवळ नावाचा योगायोग नव्हे. खाणीत उतरणारा कामगार, मग तो तेलंगणातून आलेला असो, छत्तीसगडमधून वा उत्तर प्रदेशातून, अंधारात उतरण्यापूर्वी ज्या देवीचे नाव घेई ती हीच. चैत्र पौर्णिमेच्या महाकाली यात्रेस मराठवाडा व तेलंगणातून हजारो भाविक येतात. त्यांतील किती जणांस मंदिर बांधणाऱ्या राणीची समाधी याच शहरात आहे हे माहीत असते, हा प्रश्न मात्र विचारावासा वाटतो.

याहून अधिक अर्थपूर्ण दुवा भूविज्ञानात आहे. वर्धा खोऱ्यातील हा कोळसा पर्मियन कालखंडातील, म्हणजे साधारणतः २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. ‘ग्लॉसोप्टेरिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या अरण्यांतून तो निर्माण झाला. नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर परिसरातील अशा वनस्पतींचे जीवाश्म जमविले आणि ते अभ्यासासाठी इंग्लंडला पाठविले. या थरांना हेन्री मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने इ.स. १८७२ मध्ये ‘गोंडवाना’ असे नाव दिले. पुढे ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडवर्ड झ्यूस यांनी दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडास हेच नाव लावले. आज अंटार्क्टिकापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि ऑस्ट्रेलियापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत प्रत्येक भूविज्ञानाचा विद्यार्थी गोंडवाना हा शब्द शिकतो. जगाच्या नकाशावर ज्या लोकांचे नाव असे कायमचे कोरले गेले, त्यांच्या राजांची समाधिस्थळे त्यांच्याच राजधानीत अल्पपरिचित राहिली आहेत.

८. संवर्धनाचा प्रश्न

चंद्रपूरमधील समाध्या, मंदिरे व परकोट यांच्या संरक्षणाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येते. इ.स. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात इ.स. २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र निषिद्ध व त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते. परंतु शहराने परकोटाला आतून व बाहेरून वेढले आहे आणि अंतराच्या नियमाने हवा अडविता येत नाही. इ.स. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण देण्यात आले व त्याची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली. कोळशाची धूळ आणि गंधकयुक्त वायू यांचा दगड व चुन्यावर होणारा परिणाम मंदगती असला तरी भरून न येणारा असतो.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. इ.स. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी परकोटाच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले आणि सातत्यपूर्ण श्रमदानातून तट व बुरुज झाडोऱ्यातून मोकळे केले. या उपक्रमाची दखल राष्ट्रीय पातळीवरही घेतली गेली. कायदा स्मारकाचे रक्षण करू शकतो; ते आपले आहे ही भावना मात्र अशा कामांतूनच निर्माण होते.

खाण आणि स्मारक यांना परस्परांचे शत्रू मानून प्रश्न सुटणार नाही. या शहराची चूल कोळशावर पेटते, हे वास्तव आहे. परंतु कोळसा हा एकदाच काढता येतो. भूमिगत खाण संपली की ती बंद केली जाते, वसाहती ओस पडतात. वरोऱ्याच्या जुन्या खाणीने हे शतकापूर्वीच दाखवून दिले. खाणी संपल्यानंतरच्या चंद्रपूरपाशी जे उरणार आहे, त्यात हा परकोट, ही मंदिरे आणि या समाध्या असतील. त्यांचे जतन म्हणजे शहराच्या भावी अस्तित्वाची तरतूद होय.

९. अध्यापकांपुढील कार्य

दगड जपला तरी कथा हरवू शकते. गोंडांच्या वंशकथा गाऊन सांगण्याचे काम परधान या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. किंगरीच्या साथीने सांगितल्या जाणाऱ्या या कथा हेच गोंडांचे दफ्तर होय. ल्यूसी स्मिथच्या अहवालातील परंपरा इंग्रजीत आणि प्रशासकीय चौकटीत नोंदविली गेली; परधानांच्या परंपरेत तीच व्यक्तिमत्त्वे कोणत्या रूपात येतात, याची तुलना होणे अगत्याचे आहे. बीरशहाच्या हत्येचे कारण, मांजी मल्लारची ओळख, हिराईच्या कारभाराचे स्वरूप हे प्रश्न केवळ फारसी वा इंग्रजी कागदांतून सुटणारे नाहीत.

इ.स. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाल्याने चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांना या अभ्यासासाठी स्वतंत्र व्यासपीठ लाभले आहे. इतिहास, भूविज्ञान, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन समाधिस्थळाचा सचित्र आराखडा, मौखिक कथांचे ध्वनिमुद्रण व स्थलनामांचा कोश असे लहान प्रकल्प हाती घेतल्यास ते पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनाही झेपणारे आहेत. ‘तुकूम’ या एका शब्दाचा मागोवा घेताना विद्यार्थी जलव्यवस्थापन, महसूल आणि राजनीती या तिन्हींपर्यंत पोहोचतो. बहुविद्याशाखीय अभ्यासाचे याहून सुलभ उदाहरण शोधावे लागणार नाही.

१०. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, चांद्याच्या गोंड समाध्या या मौखिक परंपरा, फारसी साधने आणि वास्तू यांच्या संयुक्त वाचनाची मागणी करतात. त्यांतील कोणतेही एक साधन पुरेसे नाही. दुसरी, बीरशहाची समाधी ही जितकी राजाची तितकीच ती उभारणाऱ्या राणीची स्मृती आहे आणि हिराईच्या राजकीय कर्तृत्वाचा तो सर्वांत ठोस पुरावा आहे. तिसरी, या वास्तूंची शैली गोंड समाजाच्या समावेशक वृत्तीची साक्ष देते. चौथी, गोंडवाना हे नाव जगाला देणाऱ्या भूमीत त्या नावाच्या मूळ धन्यांचा इतिहास अद्याप उपेक्षित आहे.

समाधीवर नाव कोरलेले नसेल तर ते सांगणारे कोणीतरी लागते. चांद्यात हे काम आजवर परधानांनी आणि मंदिराच्या आवारातील वृद्धांनी केले. त्यांची पिढी वेगाने मावळत आहे. कोळशाच्या थरात ग्लॉसोप्टेरिसचे पान कोट्यवधी वर्षे टिकले, कारण ते दगडात उमटले होते. हिराईची कथा अजून पुरेशी कागदावरही उमटलेली नाही. ती उमटविण्याचे उत्तरदायित्व या विभागातील अध्यापकवर्गावर आहे.